बांधावर न पाहिलेली कळलावी

मी बेळगावातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवतो. अठरा वर्षं झाली. चित्रकलेच्या सरांच्या वाट्याला जी कामं येतात ती सगळी मी केली आहेत. स्नेहसंमेलनाचा पडदा, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचं चित्र, फळ्यावरचा सुविचार, गणपतीचं मखर. सरांचा हात चांगला आहे, असं लोक म्हणायचे. तो चांगला आहे हे मलाही ठाऊक होतं. पण त्या हातानं काढलेलं एकही चित्र स्वतःचं म्हणून भिंतीवर टांगावं असं नव्हतं, हेही ठाऊक होतं.

अशातच एका जुन्या मित्रानं फोनवर काही चित्रं पाठवली. इंग्रज साहेबाच्या काळातली, झाडाझुडपांची आणि पाखरांची. परदेशातल्या कुठल्या ग्रंथालयानं ती जुनी पुस्तकं पानन् पान नेटवर ठेवली होती. त्या रात्री जेवणाचं ताट समोर असताना मी एका पानावर बोट ठेवून ते मोठं करत होतो. बायको दोनदा म्हणाली, "भाकरी गार झाली." पांढऱ्या कागदावर एक फांदी, बाजूला उभी कापलेली शेंग, तिच्यातल्या बिया एकेक मोजाव्यात अशा. फांदीच्या एका पानाला रंग दिलेला आणि शेजारचं पान नुसत्या पेन्सिलीचं, तसंच सोडून दिलेलं. त्या सोडून दिलेल्या पानानं मला वेड लावलं. इतकं बघणारा माणूस कोण असेल, असं वाटायचं. खाली साहेबाचं नाव असायचं, छापणाऱ्याचं असायचं. इथं बसून काढणाऱ्याचं बहुतेकदा नसायचंच.

त्या चित्रांनी मला पुन्हा चित्रं काढायला लावलं, हे खरं आहे आणि त्याची मला लाज नाही. सुरुवातीला मी सरावासाठी नकला केल्या. रेघ किती बारीक, हिरव्यात पिवळा किती, हे शिकलो. मग एका चित्रातली फांदी आणि दुसऱ्यातलं फूल घेऊन तिसरंच चित्र करायला लागलो. आणि एके रविवारी कळलावीच्या वेलीचं एक चित्र छापून आणलं, खिडकीच्या काचेला टेकवलं, वर कागद धरला आणि ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. लाल-पिवळ्या, जाळासारख्या वर वळलेल्या पाकळ्या. तीन दिवस रंगवत होतो. झाल्यावर इतकं देखणं दिसलं की हे मी काढलंय असं मला खरोखर वाटायला लागलं.

माझे वडील बेळगावच्याच वडगावात मागावर साड्या विणायचे. त्यांच्या गल्लीत कुणी दुसऱ्याच्या काठाची नक्षी उचलली तर त्याचं नाव आठ दिवस चहाच्या दुकानात निघायचं. मी हे ऐकत वाढलो. तरी चित्राखाली मी फक्त माझी सही केली.

असली वीस-बावीस चित्रं जमली तेव्हा निपाणीच्या एका पतसंस्थेच्या चेअरमननी वर्धापनदिनाला प्रदर्शन लावायला बोलावलं. त्यांची मुलगी कधीकाळी माझ्याकडं चित्रकला शिकली होती. चित्रं काचेच्या फ्रेममध्ये होती. एकट्याला नेणं जमणार नव्हतं. आमच्या शाळेतले शिपाई आप्पा आपणहून म्हणाले, "मी येतो की सर. काच हाय, संभाळून न्यायला पायजे."

आप्पा बेळगावाजवळच्या कंग्राळीचे. सकाळी रानात काम करून, आंघोळ करून, साडेनऊला शाळेची घंटा द्यायला हजर असणारे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्या दिवशी रविवार होता, त्यांच्या सुट्टीचा. तरी धुवट टोपी घालून ते टेम्पोत मागं बसले, कारण पुढं बसलं तर फ्रेमा कोण धरणार. संकेश्वरला टेम्पो थांबला तेव्हा मी मागं जाऊन बघितलं. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं गचके खात आलो होतो आम्ही. त्यांनी घरून आणलेल्या वाकळेत फ्रेमा गुंडाळून दोन्ही गुडघ्यांत धरल्या होत्या आणि पाय ताठून गेले होते.

"उतरा जरा, चहा घेऊया," मी म्हणालो.

"तुमी घ्या सर. मी उठलो की ह्या हालतील."

हॉलमध्ये चित्रं लागली. दुपारी लोक आले. चेअरमन, संचालक, त्यांच्या बायका, दोन-तीन प्राध्यापक. कळलावी मी दारासमोरच्या भिंतीवर मधोमध लावली होती. सगळे तिच्यापाशीच थांबत होते. चेअरमननी विचारलं, "सर, हे फोटोवरून का प्रत्यक्ष बघून?"

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. जुन्या पुस्तकातल्या चित्रावरून, एवढंच. त्यात कमीपणाही नव्हता. पण त्या क्षणी सगळे माझ्याकडं बघत होते आणि इतक्या वर्षांत माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"बघून," मी म्हणालो. "कंग्राळीच्या बांधावर बसून काढलंय. चार दिवस जात होतो."

कंग्राळी का म्हणालो? आप्पा कोपऱ्यात हातोडी आणि उरलेले खिळे घेऊन उभे होते. त्यांच्याकडं नजर गेली असेल आणि तेच नाव तोंडात आलं असेल. आप्पांनी आपल्या गावाचं नाव ऐकलं आणि ते पुढं आले. चित्राजवळ येऊन त्यांनी मान वाकडी करून नीट बघितलं. मग हळू आवाजात, मला एकट्याला सांगावं तसं म्हणाले, "सर, येवढं एक ऱ्हायलंय बघा. ही वेल आधार धरती ती पानाच्या शेंड्यानं. पानच म्होरं बारीक होऊन गुंडाळतंय. हितं तुमी देठापासनं दोऱ्यावानी ताणा काढलाय. तसं काकडीचं असतंय. हिचं न्हाय."

एक प्राध्यापक हसले. आप्पांना हसले की मला, कळलं नाही. चेअरमन म्हणाले, "काय म्हणतायत हे?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आप्पा बरोबर आहेत की चूक, याचा मी विचारच केला नाही. साहेबाच्या पुस्तकात चूक असेल हे मनातही येईना. आणि मी तर कळलावी आयुष्यात कधी जवळून बघितलीच नव्हती. मी हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आप्पा, रानात बघणं वेगळं आणि चित्रकाराचं बघणं वेगळं. तुम्ही जरा चहाचं बघा."

"व्हय सर," आप्पा म्हणाले.

ते गेले आणि ट्रे घेऊन आले. पहिला कप त्यांनी माझ्यापुढं धरला. मी तो घेतला.

परत येताना टेम्पो जवळपास रिकामा होता. बरीच चित्रं संस्थेनं ठेवून घेतली होती, त्यात कळलावीही होती. आता आप्पा पुढं माझ्याशेजारी बसले. बराच वेळ ते उसाचं, पावसाचं, त्यांच्या थोरल्या लेकाच्या कारखान्यातल्या नोकरीचं बोलत होते. मला वाटलं, ते विसरले. बेळगाव जवळ आल्यावर त्यांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं,

"सर, आमच्या बांधावर तुमी कवा आलतासा?"

मी समोरच्या रस्त्याकडं बघत राहिलो.

"चार दिस आलासा म्हणता. घर हाकेवर हाय. घरला यायचं न्हाय व्हय? आमची मंडळी काय म्हणंल? सर रानापतोर आले आन् च्या बी न घेता गेले?"

त्यांना माझं खोटं कळलं नव्हतं. त्यांनी ते खरं मानलं होतं आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं होतं.

"घाईत होतो आप्पा," मी म्हणालो. "पुढच्या खेपेला येतो."

त्या दिवसातलं हे माझं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा मला हेच जास्त आठवतं.

पुढं चेअरमननी नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी माझी चित्रं घेतली. बारा महिन्यांना बारा. सप्टेंबरच्या पानावर कळलावी, खाली माझं नाव आणि एक ओळ: कंग्राळीच्या बांधावर प्रत्यक्ष पाहून काढलेली. ती ओळ मी लिहून दिली नव्हती, पण छापण्याआधी मला दाखवली होती. मी बघितली आणि ठीक आहे म्हणालो. ती कॅलेंडरं निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कुठं कुठं गेली. वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात, स्वयंपाकघरात. माझ्या बहिणीनं तर पिरनवाडीच्या घरात हॉलमध्ये लावलं आणि आल्या-गेल्याला दाखवायला लागली. आमच्या स्टाफरूममध्येही एक आलं. मुख्याध्यापकांनी एक आप्पांनाही दिलं. त्यांनी ते गुंडाळून, रबर लावून, डब्याच्या पिशवीत उभं ठेवलं. वाकू नये म्हणून.

भाद्रपदात आप्पा चार-पाच दिवस आले नाहीत. विळा पायावर पडला होता, टाके पडले होते. गौरीच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी केळी आणि बिस्किटं घेऊन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो.

आप्पा खाटेवर पाय लांब करून बसले होते. पायाला पांढरी पट्टी. "या या सर," म्हणून उठायला लागले, मी दामटून बसवलं. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मी त्यांना आक्का म्हणालो. खाटेच्या मागच्या भिंतीवर, देवाच्या फोटोंच्या शेजारी, ते कॅलेंडर होतं. सप्टेंबरचं पान. आणि त्याच्या बरोबर खाली, कोनाड्यापुढं, साडी नेसवून गौर बसवलेली. कळलावी भांडणं लावते म्हणून कितीतरी घरांत ती आत घेत नाहीत. यांच्या घरी मात्र गौरीपुढं हीच फुलं ठेवायची पद्धत होती. आक्कांनी सबंध वेलच तोडून आणली होती आणि गौरीच्या मागच्या सुतळीवर सोडली होती.

मी बसल्या जागेवरून बघितलं. फुलं अगदी चित्रातल्यासारखी. पण पानं? प्रत्येक पान पुढं निमुळतं होत गेलेलं, शेंडा दोऱ्याएवढा बारीक झालेला आणि त्या शेंड्यानं सुतळीला दोन-दोन वेढे घातलेले. देठापाशी काहीच नव्हतं. पानच धरत होतं. वर माझ्या चित्रात मात्र पानं टोकाला बोथट होती आणि देठाजवळून काकडीसारखे ताणे निघाले होते. वर-खाली, दोन हातांच्या अंतरावर. त्या घरातलं कुणीही रोज येता-जाता ते बघत असणार.

आक्कांनी माझी नजर बघितली. "ह्ये म्हणत हुते, पानं चुकल्यात म्हणून. मी म्हणलं, असूंदे की. आपल्या सरांचं हाय, आपल्या गावाचं नाव हाय. लावा."

"तू गप की," आप्पा म्हणाले.

मी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणालो, "आप्पा, मी तुमच्या बांधावर कधी आलोच नव्हतो."

ते माझ्याकडं बघत राहिले.

"ते चित्र मी बघून काढलेलं नाही. जुन्या काळच्या एका साहेबाच्या पुस्तकातलं आहे. काचेवर धरून उतरवलंय. निपाणीत सगळ्यांसमोर खोटं बोललो. येताना टेम्पोत तुमच्याशीही."

चुलीवरच्या दुधाचा आवाज येत होता. आक्का तिथंच उभ्या होत्या. आप्पांनी पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाले,

"म्हंजे तुमी रानापतोर येऊन घरला न येता गेला न्हाईसा?"

"नाही आप्पा. आलोच नव्हतो."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरंच उतरला. "मला त्येच लागलंतं."

त्यांनी मला रागावून बोलायला हवं होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. आक्कांनी मात्र सरळ विचारलं, "मग साहेबानं चुकवलं व्हय?"

"साहेबानं चुकवलं," मी म्हणालो, "आणि मी बघितलं नाही."

त्या दुपारी आक्कांनी मला बांधावर नेलं. आप्पांना चालता येत नव्हतं, ते खाटेवरून सांगत राहिले, कुठल्या कडेनं जायचं, कुठं चिखल आहे. निवडुंगाच्या आणि घाणेरीच्या कुंपणात कळलावी चढलेली होती. मी खांद्यावरच्या पिशवीतली वही काढली. आक्का थोडा वेळ थांबल्या, मग म्हशीला वैरण टाकायला गेल्या. मी एकटा. वारा होता, वेल हलत होती. मुंग्या बुटात शिरल्या. फूल काढेपर्यंत ऊन सरकलं आणि सावली बदलली. पुस्तकातल्या पानावर पांढरा कागद होता, इथं मागं घाणेरीची शंभर पानं, त्यांत हिची कुठली हेच सापडेना. दोन तासांत तीन पानं आणि एक फूल झालं. चित्र वाईट होतं. माझ्या आठवीच्या वर्गातल्या पोरीनं आणलं असतं तर मी पुन्हा काढायला लावलं असतं. पण पानांचे शेंडे बरोबर होते.

घरी आल्यावर मी नेटवर तीच वेल पुन्हा शोधली. या वेळी छापील पान नव्हे, त्याच्या आधीचं, हातानं रंगवलेलं मूळ चित्र बघायचं होतं. चार-पाच दिवस लागले, पण ते सापडलं. खाली लिहिलं होतं की इथल्या कुणा चित्रकारानं काढलं, नाव माहीत नाही. त्यात पानांचे शेंडे गुंडाळलेले होते. अगदी सुतळीवरच्यासारखे. त्या माणसानं बरोबर बघितलं होतं. तिकडं विलायतेत छपाईसाठी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्यानं वेल कधी बघितली नसावी, त्याला वाटलं असेल वेलीला ताणे देठापासून असतात, म्हणून त्यानं ते दुरुस्त केलं. आणि दुरुस्त केलेलं चुकीचं मी उतरवून घेतलं. आपल्याच मुलखातल्या कुणाचं तरी बरोबर बघणं आधी त्यांनी पुसलं आणि मग मी.

चेअरमनना मी फोन केला. चित्र माझं नाही, बांधावर काढलेलं नाही आणि चुकीचंही आहे, असं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सर, कॅलेंडर लोक तारखेसाठी बघतात. पानं कोण मोजतंय?" मी म्हणालो, काही लोक मोजतात. त्यांना ते आवडलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याची चित्रं घेतली. बहिणीला सांगितलं तर तिनं कॅलेंडर काढलं नाही, नुसतं ऑक्टोबरचं पान पुढं केलं.

स्टाफरूममध्ये सांगणं सगळ्यात जड गेलं. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, मला तेव्हाच शंका आली होती," आणि मला खात्री आहे की आली नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या सर, कुणाला कळलंय?" मी म्हणालो, आप्पांना कळलं होतं.

नववीच्या वर्गात मी तिन्ही चित्रं फळ्यावर लावली. पुस्तकातलं छापील, कॅलेंडरवरचं माझं आणि मूळ. शेजारी आक्कांनी पाठवलेली वेल बाटलीत. मुलांना सांगितलं की मी काय केलं. मग आप्पांना बोलावलं. पाय बरा झाला होता. त्यांनी खुर्चीवर बसायचं नाकारलं, दाराशी उभं राहून बोलले. कळलावीचा कंद किती विषारी, जनावर का तोंड लावत नाही, वेल कुठल्या झुडपावर चढते आणि कुठल्यावर नाही. मुलांनी त्यांना वीस प्रश्न विचारले. मला कधी इतके विचारले नव्हते.

तास सुटल्यावर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. चित्राचं मी कबूल केलं होतं, खोट्याचंही. पण एक माफी राहिली होती आणि तीच मला रात्री जागं ठेवायची. "आप्पा, निपाणीत मी तुम्हाला सगळ्यांसमोर चहाचं बघायला लावलं."

"कवा?" आप्पा म्हणाले.

"त्या दिवशी. तुम्ही पानाचं सांगत होता तेव्हा."

"च्या आणायचं माझं कामच हाय की सर." ते माझ्याकडं न बघता फळ्याचं डस्टर खांबावर झटकत होते. पांढरी धूळ उडाली, मग म्हणाले, "जावा, तुमचा सातवीचा तास हाय."

ते विसरलेले नव्हते, एवढं मला कळलं. त्यांना त्याबद्दल बोलायचं नव्हतं. माफी मागून मोकळं व्हायची घाई मला होती, त्यांना नव्हती. मी तासाला गेलो.

जुनी चित्रं मी अजून बघतो. रोज बघतो म्हटलं तरी चालेल. नक्कल केली तर खाली कशावरून केली ते लिहितो. पण महिन्यातून दोन रविवार कंग्राळीला जातो, आधी घरी चहा घेतो आणि मग रानात. गेल्या महिन्यात पळसाची फांदी काढत होतो. आप्पा मागं येऊन उभे राहिले. आक्का होत्या, त्यांचा थोरला मुलगाही सुट्टीला आलेला.

"सर, पळसाची तीन पानं सारखी नसत्यात," आप्पा म्हणाले. "मधलं मोठं असतंय. आन् ह्ये कडंचं उलटं झालंय."

कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. ते काही अजून जात नाही. मी झाडाकडं बघितलं. उलटं झालं होतं. खोडरबर काढला आणि पुसायला लागलो.